‘कार्ड चालेल का?’ हे फ्रेंचमध्ये कसे विचाराल?

प्रश्न : आमची मुलगी फ्रान्समध्ये ल्यों शहरात शिकते. आम्ही नवरा-बायको महिनाभरासाठी तिच्याकडे जाणार आहोत. ती दिवसभर कॉलेजात असेल, म्हणजे भाजी, दूध, पाव आणायचे काम आमच्याकडेच येणार. इथे वरठीत भंडारा रोड स्थानकाबाहेर चहा घेतला तरी आम्ही मोबाईलने स्कॅन करून पैसे देतो. तिकडे यूपीआय चालते का? नसेल चालत तर ‘कार्ड घेता का’, ‘रोख चालेल का’ हे फ्रेंचमध्ये कसे विचारायचे? आणि समोरच्याने फ्रेंचमध्येच उत्तर दिले तर ते समजायचे कसे?
(एक वाचक, वरठी, जि. भंडारा)

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. परक्या भाषेतला प्रश्न पाठ करणे सोपे असते. उत्तर मात्र आपल्या हातात नसते. ‘पैसे कसे देऊ?’ असे विचारले तर दुकानदार घाईत चार वाक्ये बोलून जाईल आणि तुमच्या पदरी काहीच पडणार नाही. ‘कार्ड घेता का?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येईल. म्हणून फ्रेंचमध्ये पैशांबद्दल विचारताना नेहमी हो-नाहीचा प्रश्न करावा, आणि तो वस्तू हातात घेण्याआधी किंवा खाणे मागवण्याआधी करावा. हे एक पथ्य पाळले तर पाच-सहा वाक्यांत महिना निभावेल.

आधी यूपीआयचे

फ्रान्समध्ये यूपीआय पोचले आहे, पण फार थोड्या ठिकाणी. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या पॅरिस भेटीत त्याची घोषणा झाली. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पॅरिसमध्ये एफिल टॉवरच्या तिकिटांसाठी ते औपचारिकपणे सुरू झाले. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या परदेशी शाखेने त्यासाठी लीरा या फ्रेंच कंपनीशी करार केला होता. एफिल टॉवरच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना क्यूआर कोड स्कॅन केला की आपल्या खात्यातून रुपये वजा होतात. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या गॅलरी लाफायेत या मोठ्या दुकानातही ही सोय सुरू झाली.

पण तुम्ही जाणार ल्योंला, आणि तुमची खरेदी असेल गल्लीतल्या पाववाल्याकडे. तिथे आपला क्यूआर मिळेल असे धरून चालू नका. पॅरिसला एक चक्कर होणारच असेल, तर निघण्याआधी आपल्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची आंतरराष्ट्रीय सोय सुरू करून घ्या. ती ठराविक मुदतीसाठीच सुरू राहते. खात्याला जोडलेले भारतीय सिमही चालू ठेवा. रोजच्या व्यवहारासाठी मात्र कार्ड आणि थोडे रोख युरो, एवढ्यावरच भिस्त ठेवायची.

फ्रान्समध्ये क्यूआरची गरज फारशी का भासली नाही, याला कारण आहे. तिथे बँकेचे कार्ड फार आधी घरोघर पोचले. ‘कार्त ब्ल’ हे कार्ड १९६७ मध्ये निघाले. कार्डात बसवायच्या चिपचे पेटंट रोलाँ मोरेनो या फ्रेंच माणसाने १९७४ मध्ये घेतले. बँकांनी एकत्र येऊन ‘सेबे’ हे देशव्यापी जाळे १९८४ मध्ये उभे केले, आणि १९९२ पर्यंत तिथल्या सगळ्या बँक कार्डांवर चिप आली. चिप घालायची आणि चार आकडी पिन दाबायचा, ही सवय तिथल्या दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आले आणि ज्यांनी कधी कार्ड वापरलेच नव्हते अशा लोकांपर्यंत थेट गेले. दोन्ही देश रोकडीपासून दूर गेले, पण वेगवेगळ्या वाटांनी. म्हणून तिथल्या काउंटरवर क्यूआरचा कागद शोधू नका, कार्डाचे मशीन शोधा.

एकच साचा, चार प्रश्न

दुकानात शिरताच पहिला शब्द ‘बोंझूर’. संध्याकाळी ‘बोंस्वार’. आपल्याकडे दुकानदाराला ‘भाऊ, अर्धा किलो द्या’ म्हटले तर कुणाला खटकत नाही. तिथे नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणे उद्धट समजतात, आणि मग इंग्रजी येणाराही मदतीला नाखूश असतो. ‘बोंझूर’ झाले की पुढचा साचा असा :

‘वू प्रने…?’ म्हणजे ‘तुम्ही घेता का…?’

यापुढे हवे ते जोडायचे.

• वू प्रने ला कार्त? : कार्ड घेता का?
• वू प्रने ले कार्त एत्रांझेर? : परदेशी कार्डे घेता का?
• वू प्रने ल सां-कोंताक्त? : नुसते टेकवायचे कार्ड चालते का?
• वू प्रने ले-झेस्पेस? : रोख घेता का?

शेवटी ‘सिल वू प्ले’ म्हणजे ‘कृपया’ जोडा. आवाज वाक्याच्या शेवटी वर न्या, म्हणजे तो प्रश्न आहे हे कळते. फ्रेंच ‘र’ घशातून येतो. तुमचा ‘र’ वरठीचाच असला तरी हे वाक्य समजते. अनुनासिक स्वर आपल्याला परके नाहीत, ‘सां’ आणि ‘वँ’ नाकातून म्हणा. शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुधा गिळले जाते, त्यामुळे छापील स्पेलिंग वाचून उच्चार करू नका. मुलीकडून एकदा ऐका आणि तसेच म्हणा.

उत्तरात काय ऐकू येईल? ‘वी’ म्हणजे हो, बोलण्यात त्याचे ‘वे’ होते. ‘नों’ म्हणजे नाही. ‘देझोले’ ऐकू आले तर तो माफी मागतो आहे, म्हणजे उत्तर नाही असेच. ‘आं पान’ म्हणजे मशीन बंद आहे.

आणखी एक उत्तर फार वेळा येते : ‘वी, आ पार्तीर द दी-झरो’. कार्ड चालेल, पण दहा युरोंपासून पुढे. मशीनचे शुल्क बँकेला द्यावे लागत असल्याने छोटे दुकानदार अशी किमान रक्कम ठरवतात. पाववाल्याच्या काउंटरवर, वजनकाट्याशेजारी किंवा गल्ल्याच्या काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर कार्डाची आद्याक्षरे आणि पुढे ५, १० किंवा १५ युरोंचा आकडा असतो. ही चिठ्ठी आधी बघितली तर प्रश्न विचारायचीही गरज नाही. अशा पाटीवर हरकत घेता येत नाही, कारण कार्ड घेतलेच पाहिजे असे बंधन फ्रान्समधल्या दुकानदारावर नाही. अट इतकीच की ती ग्राहकाला दिसेल अशी लावलेली हवी. कार्डाने पैसे दिले म्हणून जादा रक्कम लावायला मात्र तिथे मनाई आहे.

रोखीचे नियम उलटे आहेत

रोख युरो नाकारणे हा फ्रान्समध्ये दंडनीय प्रकार आहे. पण त्याच कायद्यांची दुसरी बाजूही आहे : नेमकी रक्कम देण्याची जबाबदारी ग्राहकाची. एक-दीड युरोच्या पावासाठी १०० ची नोट पुढे केली तर ‘सुटे नाहीत’ म्हणून तो नकार देऊ शकतो. एका वेळी ५० पेक्षा जास्त नाणी घेण्याचेही कुणावर बंधन नाही, तो नियम सगळ्या युरो देशांत आहे. म्हणून नागपुरात चलन घेताना ५, १०, २० आणि ५० च्याच नोटा मागा. २०० च्या नोटा टाळा, आणि ५०० ची नोट कुणी देऊ केली तर परत करा. ती नोट छापणे २०१९ मध्ये थांबले आहे आणि दुकानात तिच्याकडे संशयानेच पाहतात.

सुट्या पैशांना तिथे ‘मोने’ म्हणतात. ‘झ ने पा द मोने’ म्हणजे ‘माझ्याकडे चिल्लर नाही’. हे वाक्य आठवडी बाजारात कामाला येईल. ल्योंमध्ये क्रुआ-रूस टेकडीवर भाजी, चीज, फळांचा बाजार भरतो. अशा बाजारात काही विक्रेते कार्ड घेतात, काही नुसते रोख. तिथे पिशवीत काही टाकण्याआधीच विचारलेले बरे. एकदा टोमॅटो तोलून झाले, मागे पाच माणसे उभी राहिली, आणि मग कार्ड चालत नाही असे कळले, तर दोघांचीही अडचण होते.

एकट्याने बाहेर असताना रोख संपले तर एटीएमसाठी विचारा : ‘ऊ ए ल दिस्त्रिब्युतर?’ उत्तर बहुधा हाताने दिशा दाखवूनच मिळते. बँकेच्या भिंतीतले एटीएम निवडा. पर्यटकांच्या गर्दीत उभ्या असलेल्या खासगी यंत्रांचे शुल्क जास्त असते.

आकडा ऐकून समजत नाही, लिहून मागा

‘से कोंब्यँ?’ म्हणजे ‘किती झाले?’ हा प्रश्न सोपा आहे. अडचण आकड्यांची. पाच युरो ‘सँक-अरो’, दहा ‘दी-झरो’, पंधरा ‘कँझ-अरो’, वीस ‘वँ-तरो’. साठ म्हणजे ‘स्वासांत’. सत्तरला ते ‘साठ-दहा’ म्हणतात : स्वासांत-दिस. ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ : कात्र-वँ. नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’ : कात्र-वँ-दिस. सत्त्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-सतरा’. आपल्याकडची जुनी माणसे ‘चार विसा न् दहा’ असे मोजत. तुमच्या घरी कुणी तसे मोजताना ऐकले असेल तर फ्रेंच नव्वद तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जमेल.

तरी ‘स्वासांत’ ऐकून साठ युरो काढावेत आणि पुढे ‘दिस’ यावे, असे घडू शकते. म्हणून गल्ल्यावरचा आकडा बघा, किंवा हे वाक्य वापरा : ‘वू पुवे लेक्रीर?’ म्हणजे ‘लिहून देता का?’ कागद-पेन पुढे केले की कुणी नाही म्हणत नाही.

लिहून दिलेला आकडा वाचतानाही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपण जिथे दशांश टिंब देतो तिथे ते स्वल्पविराम देतात, त्यामुळे ‘१२,५०’ म्हणजे साडेबारा युरो. आणि त्यांच्या हस्ताक्षरातल्या एकाला वरून इतकी लांब तिरपी रेघ असते की तो सातच वाटतो. त्यांच्या खऱ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते. आडवी रेघ नसेल तर तो एक समजा.

मशीनच्या पडद्यावर काय येते

काउंटरवरचा माणूस स्वतःच आधी विचारेल : ‘वू रेग्ले कॉमाँ?’, म्हणजे पैसे कसे देणार? किंवा नुसते ‘पार कार्त?’ उत्तर द्या : ‘पार कार्त, सिल वू प्ले’. मशीन तुमच्यापुढे ठेवले जाईल. हॉटेलात तर ते टेबलापाशी आणतात, कार्ड आत नेत नाहीत. पडद्यावर रक्कम दिसेल, ती वाचा. ५० युरोंपर्यंत कार्ड टेकवून काम होते. ही मर्यादा २०२० च्या मे महिन्यापासून आहे. आपल्याकडे पिनशिवायची मर्यादा ५,००० रुपयांची आहे, त्यामुळे अंदाज बांधायला सोपे जाईल. ५० युरोंच्या वर रक्कम असेल तर कार्ड खालच्या फटीत घाला. पडद्यावर ‘कोद’ असा शब्द आला की पिन दाबा आणि हिरवे बटण दाबा. पिवळे बटण चूक दुरुस्त करायला, लाल रद्द करायला. ‘आक्सेप्ते’ म्हणजे पैसे गेले. ‘रफ्युझे’ म्हणजे नाकारले. ‘कार्त म्युएत’ असे दिसले तर घाबरू नका, चिप वाचली गेलेली नाही. कार्ड रुमालाने पुसून पुन्हा घाला.

कधी मशीन विचारते की पैसे युरोत कापू की रुपयांत. रुपये ओळखीचे म्हणून ते बटण दाबायचा मोह होतो. दाबू नका. त्या रुपयांचा दर मशीनमागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. बोटाने युरो दाखवा आणि म्हणा : ‘आं-नरो, सिल वू प्ले’.

पावतीही मागून घ्यावी लागते. कागद वाचवण्यासाठी फ्रान्सने १ ऑगस्ट २०२३ पासून आपोआप पावती छापणे बंद केले आहे. ‘ल तिके, सिल वू प्ले’ म्हटले की छापून देतात. परदेशी कार्डाचा हिशेब घरी येऊन जुळवायचा असतो, म्हणून मोठ्या खरेदीची पावती जरूर घ्या. हॉटेलात बिल मागताना ‘लादिस्यों, सिल वू प्ले’ म्हणा. तिथे सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, त्यामुळे टिप देण्याचे बंधन नाही. मनापासून आवडले तर एक-दोन नाणी ठेवा.

शेजारच्या देशांत आणि मॉरिशसमध्ये

मुलगी तुम्हाला सुट्टीत जिनिव्हाला नेईल, ल्योंहून ते जवळ आहे. तिथेही फ्रेंच बोलतात, पण चलन स्विस फ्रँक आहे. युरोची नोट अनेक ठिकाणी घेतात, मात्र सुटे फ्रँकमध्ये परत मिळतात. तिथे सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ म्हणतात, म्हणजे विसांचा हिशेब टळतो. बेल्जियममध्येही हेच शब्द चालतात, आणि तिथे १ जुलै २०२२ पासून प्रत्येक दुकानाने एक तरी इलेक्ट्रॉनिक सोय द्यावी असा कायदा आहे.

फ्रेंच बोलणाऱ्या मुलखांत मराठी माणसाला सगळ्यात जवळचा मुलूख मॉरिशसचा. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणातल्या माणसांचे वंशज तिथे आज स्वतःला मराठी म्हणवतात. शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या चलनाचे नावही रुपया, पण तो मॉरिशसचा रुपया, आपला नव्हे. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे यूपीआय आणि रुपे कार्ड या दोन्ही सोयी सुरू झाल्या. बाजारात क्रियोल आणि फ्रेंच दोन्ही कानी पडतात, आणि ‘वू प्रने ला कार्त?’ हे वाक्य पोर्ट लुईच्या दुकानातही तसेच चालते. फ्रान्सपेक्षा स्कॅन करून पैसे देण्याची शक्यता तिथे जास्त.

निघण्याआधी वरठीतच करायची कामे

भाषा कितीही जमली तरी कार्डच बंद असेल तर उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू केलेले मिळते. परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही आपण स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करायची असते. काउंटरवर ‘रफ्युझे’ दिसण्यामागे अनेकदा हेच कारण असते. शाखेत जाऊन परदेशी व्यवहाराचे शुल्क विचारून घ्या. ते कार्डागणिक बदलते, क्रेडिट कार्डावर साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी. मुक्काम महिन्याचा आहे, तेव्हा युरो भरलेले फॉरेक्स कार्ड स्वस्त पडते का याची तुलना करा. दोघांच्या नावावर वेगवेगळ्या बँकांची कार्डे असू द्या आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचे असावे, कारण तिथली मशीन हीच दोन नावे सर्रास ओळखतात. नोटांच्या रूपात परदेशी चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येते, आणि घरात राहणाऱ्या पाहुण्यांना त्याच्या अगदी थोड्या भागावर भागते.

राहता राहिला प्रश्न धीराचा. साठीत नवी भाषा कशी जमणार, ही धास्ती अनेकांना असते. तुम्हाला फ्रेंच शिकायची नाही, फक्त पैशांचा व्यवहार नीट करायचा आहे, आणि त्याची वाक्ये या पानावर संपतात. पान कापून ठेवा, ‘वू प्रने’चे चार प्रश्न आठवडाभर रोज एकमेकांना मोठ्याने विचारा, आणि ल्योंला पोचल्यावर पहिल्याच सकाळी मुलीला सोबत न घेता पाव आणायला जा. ‘बोंझूर’ म्हणा, आधी विचारा, मगच वस्तू घ्या.